पानी सात हाय

त्र्याण्णव साली आमच्या कंपनीने सगळ्या कामगारांना एक छापील कागद वाटला. मुंबईहून कोणी टाय लावलेला माणूस आला होता. त्याने आम्हाला कॅन्टीनमध्ये ओळीने बसवलं आणि हातात पेन्सिली दिल्या. कागदावर वीसेक प्रश्न. पहिलाच प्रश्न : तुम्ही तुमच्या कामात समाधानी आहात का? पुढे चार चौकोन. पूर्ण समाधानी, बऱ्यापैकी, थोडाफार, अजिबात नाही. माझ्या बाजूला पॅकिंगचा दादू बसला होता. तो कुजबुजला, "बळवंतदादा, कशावर खूण करू?" मी म्हटलं, "पयल्यावर कर आणि चहा घे. उगाच डोकं चालवू नको." मीही पहिल्यावरच केली. खोटं लिहायची सवय तोवर आमच्या सगळ्यांच्या हाताला लागली होती.

पण खूण करताना मला पुंडलिक आठवला आणि तो फुकटचा चहा तसाच राहिला. वीस वर्षांच्या नोकरीत कामावर खरोखर समाधानी असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि त्याचं आम्ही काय केलं ते त्या टायवाल्याच्या कागदावर कुठे विचारलेलं नव्हतं. म्हणून सांगतो. मी सांगणार तेही स्वतःला चांगला म्हणवून घ्यायला नाही. ऐकलंत की कळेलच.

मी बेटेगावचा. बोईसरच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीत बॉयलरवर होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, माझ्या फंडाचे कागद अजून त्यांच्याकडे अडकलेत. पुंडलिक आमच्याकडे एकोणऐंशी साली लागला. खाडीकाठच्या मांगेला मच्छीमारांच्या वाडीतला, काळा, सडसडीत, पंचविशीतला. बाप तो लहान असतानाच गेलेला. आई काशीबाई खाडीतली कोळंबी, निवट्या पाटीत घेऊन दारोदार विकायची, त्यावर तिने याला मॅट्रिक केला. मॅट्रिक झालेल्या पोराने ऑफिसात बसायचं स्वप्न बघावं. हा बाबा पहिल्याच आठवड्यात साहेबांकडे गेला आणि म्हणाला, मला मागच्या टाकीवर घाला.

टाकी म्हणजे काय ते सांगतो. रंग तयार झाला की जे पाणी उरतं ते तेजाबी. तसंच नाल्यात सोडलं तर काठचं गवतसुद्धा जळतं. म्हणून मागच्या कुंपणाशी सिमेंटची मोठी टाकी होती. तिच्यात पाणी घ्यायचं, चुन्याच्या गोणी ओतायच्या, ढवळायचं आणि कागदाची एक पट्टी बुडवायची. पट्टी लाल झाली तर पाणी अजून तेजाबी. हिरवी झाली आणि तक्त्यावरच्या सात आकड्याशी जुळली, की पाणी साधं झालं. मग वहीत सात लिहायचं, सही करायची आणि व्हॉल्व्ह उघडायचा. हे काम कोणालाच नको असायचं. चुना डोळ्यांत जातो, हाताची सालं निघतात, वास तर विचारू नका. मी पुंडलिकला म्हटलं, "तुला दुसरं काय भेटलं नाय काय?"

तो म्हणाला, "दादा, हा नाला कुठं जातो ठावं हाय ना? आमच्या खाडीत. माजी आय तिकडंच उतरते. मग टाकीवर मी नको तर कोन पायजे?"

 मी माझ्या बॉयलरकडे वळलो.

त्या वेळी आमचे केमिस्ट होते कमलाकांत साहेब. माणूस तापट, पण सरळ. एकदा प्लांटवाल्यांना घाई होती, टाकी लवकर रिकामी करून हवी होती, आणि पट्टी पाचच्या पुढे सरकेना. साहेब स्वतः व्हॉल्व्हपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "सात झाल्याशिवाय एक थेंब जाणार नाही. प्लांट थांबतोय तर थांबू दे." दोन तास प्लांट थांबला. दुसऱ्या दिवशी वरून फोन आले, साहेबांनी ते आपल्या अंगावर घेतले, पुंडलिकला एक शब्द कळू दिला नाही. त्यानंतर आमच्याकडे एक गंमत झाली. माणसं आपल्या चुका आपणहून सांगायला लागली. दादूने एकदा रंगाचं अख्खं पिंप सांडलं आणि लपवायचं सोडून धावत साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस, आता पुसायला लाग." बस, एवढंच. मी तेव्हा सायकलवरून कामावर जाताना शीळ घालायचो. माझी बायको म्हणायची, कामावर चाललाय की लग्नाला?

पुंडलिक तर शिफ्टच्या आधी पाव तास हजर. टाकीच्या कठड्यावर बसून काहीबाही गुणगुणत असायचा. आणि भरती-ओहोटीचं त्याने सुरू केलं ते याच दिवसांत. त्याच्या डोक्यातलं होतं ते. एक दिवस साहेबांना म्हणाला, साहेब, पाणी साधं झालं तरी भरतीच्या वेळेला सोडलं तर खाडीत तुंबून राहतं. ओहोटी लागली की पहिल्या तासात सोडू, म्हणजे आमच्या बायका खाडीत उतरायच्या आधी सगळं दर्यात गेलेलं असेल. साहेबांनी विचारलं, ओहोटी कधी लागते ते रोज कोण सांगणार? हा हसला. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी होते आणि पाणी फिरतं. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल, म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडून पंधरा तिथींचा तक्ता लिहून घेतला, काच लावून टाकीच्या खोलीत टांगला. पुंडलिकचं अक्षर सुरेख, वळणदार. साहेब कोणी पाहुणा आला की त्याला तो तक्ता दाखवायला न्यायचे आणि म्हणायचे, "हे आमच्या पुंडलिकचं काम."

त्या तक्त्यात एक गोष्ट लिहिलेली नव्हती. ती पुढे येईल.

तिकडे वाडीत याच्या नोकरीचा एक वेगळाच रिवाज पडला होता. मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो, त्याच्या लग्नाच्या वेळी, तेव्हा पाहिला. संध्याकाळी हा एसटीतून उतरला की थांब्याजवळ सुकट राखत बसलेल्या बायका विचारायच्या, "पुंडलिका, पानी कसा?" हा बोटं दाखवून म्हणायचा, "सात हाय." झालं. दुसऱ्या दिवशी बायका बिनघोर खाडीत उतरायच्या. एकाही बाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण सात म्हणजे चांगलं पाणी हे सगळ्यांना ठाऊक. कधी टाकी बिघडली असेल, संशय असेल, तर हा म्हणायचा, "उद्या नको." आणि एकही बाई उतरायची नाही, घरात कालवणाला काही नसलं तरी. आणि या सगळ्यांत पुढे त्याची आई. "माज्या पुंड्याचा पानी," म्हणायची ती, जणू खाडी यानेच खणली. लग्नानंतर त्याची बायको जमना मला म्हणाली होती, "भावजी, यांना माज्यापेक्षा ती टाकी आवडते." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

पंच्याऐंशी साली कमलाकांत साहेब नोकरी सोडून गेले. वरच्यांशी पटलं नाही म्हणतात. जाताना टाकीवर आले, पुंडलिकच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या जागी जो मॅनेजर आला त्याचं नाव मी घेत नाही, तोंड कडू होतं. माणूस बोलायला गोड. कधी ओरडला नाही. सगळ्यांना खांद्यावर हात टाकून बोलायचा. पुंडलिकला तर "पंडितजी" म्हणायचा. आल्याच्या दुसऱ्या महिन्यात त्याने वही बघितली. एके ठिकाणी पुंडलिकने साडेसहा लिहिलं होतं आणि शेजारी, अजून दोन गोणी टाकून सात केलं, असं लिहिलं होतं. मॅनेजर हसून म्हणाला, "पंडितजी, साडेसहाला सात म्हटलं तर कोणाचं काय जातं? दोन गोणी वाचतात."

खरं सांगू? मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. साडेसहा काय नि सात काय. मग सहाचा सात झाला. मग साडेपाचचा. एकदा तर शनिवारी मी बघितलं, प्लांटच्या लोकांनी सोमवारचे आकडे आधीच भरून ठेवले होते, एकाच पेनाने, आणि चहा पीत बसले होते. कोणाला लाज वाटली नाही. दादूने पुन्हा एकदा पिंप सांडलं, या वेळी त्याने वर पोती पसरली आणि दोन दिवस गप्प राहिला. सांगितलं असतं तर मॅनेजर हसला असता आणि महिनाअखेरीस त्याचा ओव्हरटाइम बंद झाला असता. सगळ्यांना ते माहीत होतं. माझी शीळ कधी बंद झाली ते मला कळलंच नाही. बायकोने विचारलं तेव्हा कळलं.

पुंडलिक आता शिफ्टच्या ठोक्याला यायचा. गुणगुणणं बंद. डबा खाताना पाठ करून बसायचा. तरी तो वाडीत "सात हाय" म्हणत होता, कारण रात्रपाळीवाल्यांकडून अर्धवट राहिलेल्या टाकीत सकाळी स्वतः चुना ओतून, स्वतः ढवळून तो पाणी सातवर आणायचाच. वहीत काही का लिहिलेलं असेना, नाल्यात जाणारं पाणी तरी त्याच्या हातून खरं जात होतं. आणि मॅनेजरने काय करावं? शहाऐंशीच्या वर्धापनदिनाला त्यालाच उत्कृष्ट कामगार म्हणून बोलावलं आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. टाळ्या वाजल्या. पुंडलिक घड्याळ छातीशी धरून उभा होता आणि मी बघितलं, त्याला आनंद झाला होता. साहेब गेल्यापासून पहिल्यांदा. अहो, कोणी आपल्या कामाला चांगलं म्हणावं ही भूक वाईट असते, ती माणसाला आंधळं करते.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत, पौष पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरने त्याला टाकीवरून काढून प्रयोगशाळेत बसवलं. बढती म्हणे. पंखा, टेबल, खुर्ची. टाकीवर कंत्राटी माणसं आली, परमुलखातली, हिंदी बोलणारी. त्यांना मॅनेजरने काचेतला तक्ता दाखवला आणि सांगितलं, तिथी आणि घड्याळ बघायचं, या वेळेला व्हॉल्व्ह खोलायचा, बाकी काही बघायचं नाही. आणि चुना बंद केला. पूर्ण बंद. ओहोटीच्या पहिल्या तासात पाणी दर्यात निघून जातं, तपासायला कोणी आलं तरी नाल्यात काही सापडत नाही, मग चुन्यावर खर्च कशाला? पुंडलिकने आपल्या बायकांसाठी काढलेली वेळ यांनी अशी वापरली.

आकडा मात्र पुंडलिकच्याच अक्षरात हवा होता, कारण तपासणीवाले ते अक्षर ओळखत होते. म्हणून रोज सकाळी त्याच्या टेबलावर एक बाटली यायची, टाकीतलं पाणी म्हणून. हा पट्टी बुडवायचा, सात यायचं, हा सात लिहायचा. ती बाटली कॅन्टीनच्या नळावर भरली जायची. मी बघत होतो. माझा बॉयलर टाकीच्या समोर, पन्नास पावलांवर. चुन्याच्या गोणी जागच्या जागी पडून होत्या तेही मला रोज दिसत होतं.

मी बोललो नाही. माझा पोरगा त्याच साली दहावीला होता आणि मॅनेजर मला म्हणाला होता, "बळवंत, पोराला अप्रेंटिस घेऊ." हे मी कारण म्हणून सांगतोय, सबब म्हणून नाही. किंवा सबबच म्हणा, आता काय फरक पडतो?

सहा-सात दिवसांनी, सप्तमीच्या संध्याकाळी आम्ही बोईसर स्टेशनबाहेर चहा पीत उभे होतो. त्याला एसटी धरायची होती, मला सायकल दुरुस्तीला दिलेली घ्यायची होती. रात्रपाळी होती माझी. पुंडलिकने कप दोन्ही हातांत धरला होता. म्हणाला, "दादा, टाकीत चुना पडतो ना?"

मी म्हटलं, "पडतो."

"तू बगतोस ना?"

"अरे बगतो म्हंजे काय, समोरच तर हाय माझ्या. पडतो रे बाबा."

त्याचा चेहरा एवढा मोकळा झाला म्हणून सांगू. चहाचे पैसे त्यानेच दिले. एसटीत चढताना मागे वळून हात केला. त्या संध्याकाळी वाडीच्या थांब्यावर बायकांनी विचारलं, आणि त्याने सांगितलं, "सात हाय."

दुसऱ्या दिवशी अष्टमी. आता तक्त्यात न लिहिलेली ती गोष्ट. अष्टमीच्या आसपास समुद्राला भांग असतो. म्हणजे भरती-ओहोटी होते, पण नावाला. पाण्याला ओढ नसते, खाडीत गेलेलं पाणी खाडीतच डुलत राहतं. पुंडलिक टाकीवर होता तोवर भांगाचे दोन-तीन दिवस तो पाणी सोडायचाच नाही, साठवून ठेवायचा. तक्त्यात मात्र अष्टमीपुढे त्याने सहा लिहिलं होतं, कारण भरती सहाला होतेच. खाली "या दिवशी सोडू नये" लिहायचं त्याला सुचलं नाही. कसं सुचणार? भांगाला पाणी जात नाही हे काय कोणाला सांगायचं असतं? त्याच्या वाडीत ते लिहायला गेला असता तर हसले असते. मला बेटेगावात जन्म जाऊन ते ठाऊक नव्हतं, मग त्या कंत्राटी माणसांना कुठून असणार? सकाळी सहाला माझ्या डोळ्यांदेखत व्हॉल्व्ह उघडला. लालभडक पाणी नाल्याला लागलं; रंग काय, चुना टाकला तरी असायचाच. मी बॉयलरच्या काट्यावर नजर ठेवून उभा राहिलो.

आणि भांगालाच बायका पाण्यात उतरतात. ओढ नसते ना, म्हणून. मांडीभर पाण्यात तासन् तास उभं राहून लहान जाळ्यांनी कोळंबी धरायची. त्या दिवशी अकराजणी उतरल्या. आधी पाय चुणचुणले, पण पुंडलिकने सात सांगितलं होतं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. चुणचुण वाढली तशा एकेक वर आल्या. काशीबाई मात्र नाल्याच्या तोंडाशीच होती, तिथे कोळंबी जास्त आलेली, मरायला टेकलेली, हातात सहज येत होती. बाकीच्यांनी हाका मारल्या तर म्हणाली, "माज्या पुंड्याचा पानी हाय, मला काय होतंय?" तिच्या टाचांना जुन्या भेगा होत्या. बाहेर आली तेव्हा पायांची कातडी सुटत होती.

बाकीच्यांचे पाय महिन्याभरात भरले. काशीबाईचे भरले नाहीत, तिला साखरेचा आजार होता. पालघरच्या डॉक्टरांनी खूप केलं, शेवटी उजवा पाय घोट्याच्या वर काढावा लागला.

आठ दिवसांनी वाडीतली चार जाणती माणसं कंपनीत आली. मॅनेजरने त्यांना खुर्च्या दिल्या, सरबत दिलं आणि वही उघडून समोर ठेवली. अष्टमीची तारीख, आकडा सात. "बघा," म्हणाला, "तुमच्याच माणसाचं अक्षर आहे." त्यांच्यातले आत्मारामकाका, पुंडलिकचे सख्खे काका, वहीवर वाकले. अक्षर त्यांनी ओळखलं. मग त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या पुंडलिककडे पाहिलं. मला तिथे साक्षीला बोलावलं होतं, मी दाराशी उभा.

पुंडलिक म्हणाला, "अक्षर माजा हाय." मग म्हणाला, "आकडा खोटा हाय. चुना पडत नव्हता."

मॅनेजरचा आवाज तसाच गोड. "तुम्ही तर प्रयोगशाळेत बसता, पंडितजी. तुम्हाला काय माहीत? बळवंत समोर असतो. बळवंत, तू सांग."

पुंडलिकने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आर्जवाने नाही. नुसतं बघितलं. मी म्हणालो, "मी बॉयलरवर होतो साहेब. मला काय दिसलं नाय."

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. गेटवर घड्याळ ठेवून गेला होता. वॉचमनने ते केबिनमध्ये टांगलं आणि पुढची आठ वर्षं मी त्या घड्याळाखाली हजेरी लावली. माझा पोरगा अप्रेंटिस लागला. आतल्या आत माझं काहीतरी कुजत गेलं, पण ते कोणाला दिसणार? कागदावर मी पूर्ण समाधानी होतो.

पंच्याण्णवला निवृत्त झालो आणि महिन्याभराने वाडीत गेलो. इतकी वर्षं हिंमत झाली नव्हती. घरी जमना होती. तिने पाणी दिलं, बसा म्हणाली, पण भावजी म्हणाली नाही. काशीबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. शेवटी शेवटी तिला काही सुधरत नव्हतं, जमना सांगत होती. पाय गेलाय हेही विसरायची. पण दिवस कलला की अंथरुणावरून रोज विचारायची, "पुंड्या, पानी कसा?" हा उत्तर द्यायचा नाही. उठून बाहेर निघून जायचा. मग ती जमनाला विचारायची, "बोलत का नाय गो तो? रागावला का माज्यावर?" हे सांगताना जमनाने पदर तोंडाला लावला. मला तिथे बसवेना.

"पुंडलिक कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठं असनार? खाडीत."

बांधावर सात-आठ बायका जाळी घेऊन बसल्या होत्या, वाट बघत. खाली मांडीभर पाण्यात पुंडलिक एकटा उभा होता. हातात काही नाही. नुसता उभा. बायकांनी मला सांगितलं, रोज असंच. त्या उतरायच्या आधी तासभर तो उभा राहतो. काही चुरचुरलं, खाजलं, तर हात वर करतो आणि त्या घरी जातात. गेली आठ वर्षं. मासळी आधीसारखी राहिली नाही, तरी तो उभा राहतो. त्याचे पाय मी वर आल्यावर पाहिले. गुडघ्यापासून खाली पांढरे चट्टे, मधेमधे काळी कातडी. सात हा शब्द त्याने परत कधी तोंडातून काढला नाही म्हणे.

मी चिखलात उतरून पाण्याच्या कडेपर्यंत गेलो. त्याने ओळखलं. "ये दादा," म्हणाला. मी वाटेत खूप जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो. म्हटलं, "पुंडलिक, त्या सप्तमीला मी खोटं बोललो. चुना पडत नव्हता. मला दिसत होतं. मी पडतो म्हटलं म्हणून तू घरी तसं सांगितलंस. तुझ्या आईचा पाय माझ्यामुळे गेला."

तो पाण्याकडेच बघत होता. म्हणाला, "गोनी मी मोजल्या होत्या, दादा. रोज सुट्टी झाली का मागनं जाऊन बगायचो. चालीस त्या चालीसच. बाटलीतल्या पान्याला वास नव्हता, ता बी मला कलत होता."

मी म्हटलं, "मग मला विचारलंस कशाला?"

"तू पडतो म्हनशील म्हनून." त्याने पाण्यात पाय जरा हलवला. "त्या कामात मला लय बरा वाटायचा रे. आमच्या घरान्यात कोनाला घड्याल भेटला नव्हता. चुना पडत नाय असा मीच म्हटला असता तर सगला संपला असता. म्हनून तुला इचारला. आयला मी मारली. तू नाय."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. साठीचा माणूस मी, त्या बायकांसमोर हुंदके देऊन रडलो. त्याने मला रडू दिलं. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी चपला काढल्या, विजार गुडघ्यावर घेतली. म्हटलं, "तू वर जा, बस जरा. आजचा तास मी उभा राहतो."

पुंडलिकने माझ्याकडे बघितलं, मॅनेजरच्या खोलीत बघितलं होतं तसंच. हळू आवाजात म्हणाला, "नको दादा. तू उभा रायलास तर बाया उतरायच्या नाय."

बांधावरून कोणीतरी हाक मारली, "पुंडलिकदादा, पानी कसा?"

"थांबा," तो म्हणाला. "अजून अर्धा तास हाय."

मी चपला हातात घेऊन बांधावर आलो. बायकांनी सरकून मला जागा दिली नाही. मी थोडा वेळ लांब उभा राहिलो आणि मग बोईसरची एसटी धरली.